साधक प्रमाण व बाधक प्रमाण : ईश्वरसिद्धीच्या वादातील विवेक

ईश्वराच्या अस्तित्वाविषयी वाद निघाला, की आस्तिकाच्या मुखातून पुष्कळदा असे उत्तर येते : "ईश्वर नाही, हे आधी तुम्ही सिद्ध करा." त्याने प्रतिपक्षी क्षणभर निरुत्तर होतो खरा, परंतु एवढ्याने ईश्वरसिद्धी होते काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम प्रमाण देण्याचा भार कोणावर, ते पाहू. जो प्रतिज्ञा मांडतो, त्यानेच हेतू व उदाहरण देऊन ती सिद्ध करावी, अशी न्यायशास्त्राची मर्यादा आहे. 'ईश्वर आहे' ही प्रतिज्ञा. तिचा भार आस्तिकावर. 'ईश्वर नाही' हीही प्रतिज्ञाच. तिचा भार नास्तिकावर. 'मला अद्याप प्रमाण मिळाले नाही' असे म्हणणारा तिसरा. त्याच्यावर भार नाही. पण 'नाहीच' असे म्हणण्याचा अधिकारही त्याला नाही. इंग्रज तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी 1972 मध्ये हाच तिसरा पक्ष वादाचा आरंभबिंदू ठरविला. अपराध सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, या न्यायालयीन नियमाचा दृष्टांत त्यांनी दिला.

आता नास्तिकाचा हेतू पाहू : 'ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही.' उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'च्या तिसऱ्या स्तबकात याचे उत्तर दिले आहे. जी वस्तू दिसण्यास योग्य आहे, तिच्याच न दिसण्याने तिचा अभाव सिद्ध होतो. भुईवर घट असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणून तो नाही. परंतु जे इंद्रियांना गोचरच नाही, त्याच्या न दिसण्याने काहीच ठरत नाही. केवळ न दिसणे पुरेसे मानले, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायकामुले दिसत नाहीत म्हणून शोकच करीत बसावे, असा उपहासही आचार्यांनी केला आहे.

येथे पुष्कळ अभ्यासक विजय झाला असे मानून थांबतात. त्यांनी बर्ट्रांड रसेल यांनी 1952 मध्ये दिलेला दृष्टांत ध्यानी घ्यावा. पृथ्वी व मंगळ यांच्यामध्ये एक चिनी मातीची चहाची किटली सूर्याभोवती फिरत आहे, आणि ती इतकी लहान आहे की दुर्बिणीतूनही दिसत नाही, असे कोणी म्हटले तर? ती दिसण्यास योग्य नाही. म्हणून न दिसण्याने तिचा अभाव सिद्ध होत नाही. तरीही कोणी शहाणा ती मानीत नाही. का? बाधक प्रमाण नाही, पण साधक प्रमाणही नाही, म्हणून.

हा भेद उदयनाचार्यांना पूर्ण अवगत होता. म्हणूनच तिसऱ्या स्तबकात बाधकांचा परिहार करून ते थांबले नाहीत. पाचव्या स्तबकात कार्यत्वादी साधक हेतू त्यांनी स्वतंत्रपणे मांडले. घट हे कार्य आहे व त्याला कर्ता आहे, तसे जगत् हेही कार्य असल्याने त्यालाही कर्ता असला पाहिजे, हा त्यांतील प्रमुख हेतू.

या जातीच्या अनुमानावर बौद्धाचार्य धर्मकीर्ती यांचा आक्षेप त्यांच्यापूर्वीच, सातव्या शतकात, आला होता : वारूळही मातीचाच विकार, मग तेही कुंभाराने केले म्हणावे काय? ज्या प्रकारची रचना कर्त्याकडून होताना पाहिली, त्याच प्रकारच्या रचनेवरून कर्त्याचे अनुमान होते. केवळ 'रचना' या शब्दसाम्यावरून नव्हे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सकर्तृकत्वाची व्याप्ती सर्व कार्यांना लागू आहे, हे दाखविण्याचे ओझे नैयायिकावर पडते, आणि वादाचे खरे रणक्षेत्र हेच होय.

तात्पर्य, बाधकाचा परिहार म्हणजे द्वाराची कडी काढणे. आत प्रवेश साधक प्रमाणानेच होतो. अनुमान असो, शब्द असो वा अनुभव असो, आपण ज्या प्रमाणावर उभे आहोत ते जिज्ञासूने स्पष्ट सांगावे, त्यावरील आक्षेप ऐकावे व उत्तर द्यावे. समोरच्याला निरुत्तर करणे ही वादाची सिद्धी नव्हे. आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणाऱ्याला स्वतःच्याच श्रद्धेचा आधार शेवटपर्यंत कळत नाही, आणि ही हानी पराभवाहून मोठी आहे.