स्किमर बसवण्याआधी मे महिना डोळ्यांपुढे आणा

लातूर-नांदेडकडे ऐन उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाकाठी सेंटिमीटरभर खाली जाते. २० बाय १२ फुटांचा, ५ फूट खोल तलाव धरा. त्यात ३४ हजार लिटर पाणी मावतं आणि त्यातलं रोज सव्वादोनशे लिटर नुसतं उडून जातं. आठवड्यात पातळी सात सेंटिमीटर उतरते. पाण्यावर तरंगणारा कचरा ओढणाऱ्या, भिंतीत बसवायच्या साध्या स्किमरचं तोंड जेमतेम १५ सेंटिमीटर उंच असतं आणि पाणी त्याच्या मधोमध असेल तेव्हाच तो नीट चालतो. म्हणजे भर न घालता आठवडा गेला की स्किमर पाण्याऐवजी हवा ओढायला लागतो. कोई मासे पाळणाऱ्याला आमच्या भागात पहिल्यांदा सांगायची गोष्ट हीच, आणि विकणारा नेमकी हीच सांगत नाही. त्याचा तरी काय दोष म्हणा. कोईचं माहेर जपानचं निगाता. तिथे हिवाळ्यात माणूसभर बर्फ पडतो. पातळी घटायची चिंता तिथल्या पुस्तकांत कुठून येणार?

स्किमर हवा की नको, याबद्दल माझं मत पक्कं आहे : हवा. तळाचा बॉटम ड्रेन विष्ठा आणि बुडालेला कचरा ओढतो, पण वर तरंगणारं त्याच्या हाती लागत नाही. खाद्याचं तेल, वावटळीची धूळ, कडुलिंबाची पानं, पाखरांची पिसं यांचा वर तवंग धरतो. तीस अंशांच्या पाण्यात प्राणवायू मुळातच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, त्यात पृष्ठभाग झाकला गेला तर मासे पहाटे वर येऊन तोंडं वासायला लागतात. तेव्हा स्किमर ही चैन नाही. भानगड होते ती त्याच्या जोडणीत.

नांदेडला आमच्या साडूंच्या शेतातल्या घरापुढे तलाव आहे. हौस दांडगी, पैसाही खर्च केलेला. जोडणी करणारा प्लंबर विहिरीच्या मोटारींत मुरलेला माणूस. तो म्हणाला, “साहेब, दोन-दोन लाईनी कशाला टाकता? स्किमर आणि तळाचा पाईप एका टीत घेतो, सक्शन एकच ठेवतो. पाईप वाचतो, खड्डा वाचतो.” विहिरीच्या हिशेबाने त्याचं बरोबर होतं. तिथे सक्शनचं एकच तोंड असतं आणि ते पाण्यात खोल बुडालेलं असतं. इथे दोन तोंडं होती, एक पाच फूट खाली आणि एक पाण्याच्या काठावर.

मे महिन्यात घरचे लग्नाला गेले. राखणदाराला मासे खायला घालायचं सांगितलं होतं, पाणी भरायचं सांगितलं नव्हतं. पातळी स्किमरच्या खालच्या ओठापर्यंत उतरली आणि मोटारीने तिथून हवा घेतली. खाली पाच फूट पाणी भरलेलं, पण तळाच्या पाईपमधून थेंबही वर येईना. मोटार सोपी वाट धरते, आणि पाणी वर खेचण्यापेक्षा हवा ओढणं कितीतरी सोपं. शेतकरी ज्याला ‘मोटारीने पाणी सोडलं’ म्हणतात तेच झालं. मोटार रात्रभर कोरडी फिरली, सील जळालं, फिल्टरमधलं पाणी थांबलं. सकाळी मोठे मासे आधी गेलेले दिसले. प्राणवायू कमी पडला की पहिला फटका मोठ्यांनाच बसतो, छोटे तगतात. साडू मला फोनवर एवढंच म्हणाले, “पाणी होतं की हो तलावात!”

यातून बाहेर पडायची उत्तम वाट म्हणजे मोटार फिल्टरच्या पुढे न लावता मागे लावणं. फिल्टरची टाकी जमिनीत अशी गाडा की तिच्यातलं पाणी आणि तलावातलं पाणी एका पातळीत राहील. बॉटम ड्रेनपासून ११० मिलिमीटरचा पाईप पहिल्या कप्प्यात सोडा. स्किमरचा पाईप वेगळा, त्याच कप्प्यात, आणि दोघांना स्वतंत्र व्हॉल्व्ह. मोटार शेवटच्या कप्प्यातून पाणी उचलून तलावात टाकेल. आता पातळी उतरली तर स्किमर आपोआप गप्प बसतो, तळाची लाईन चालू राहते आणि मोटारीला हवा दिसतच नाही. फक्त मोटार गरजेपेक्षा मोठी घेऊ नका. ११० च्या पाईपमधून उताराने ताशी दहा हजार लिटर सहज येतं. त्याहून जास्त ओढायला गेलात तर शेवटचा कप्पा रिकामा होईल. त्यात फ्लोट स्विच ठेवावा. तो मोटारीच्या तुलनेत फुटकळ किमतीला मिळतो.

तलाव आधीच बांधून झाला असेल आणि मोटार फिल्टरच्या पुढेच असेल, तर निदान टीच्या दोन्ही फांद्यांवर वेगळे व्हॉल्व्ह बसवून घ्या. घर सोडताना स्किमरचा व्हॉल्व्ह बंद. बंद म्हणजे पूर्ण बंद, ‘थोडा उघडा ठेवू’ हे चालत नाही. पातळीबरोबर खालीवर होणारा तरंगता स्किमरही मिळतो. ज्यांच्याकडे पाणी भरवशाचं नाही त्यांना मी तोच घ्यायला सांगतो. दिसायला ओबडधोबड आहे, पण मासे दिसण्यावर जगत नाहीत.

आता पाईपाबद्दल, कारण निम्मी डोकेदुखी तिथे आहे. आपल्या दुकानात शेतीचा पीव्हीसी पाईप ६३ मिलिमीटर बाहेरमापाचा मिळतो. घरकामाचा दोन इंची यूपीव्हीसी ६०.३ चा. दोन्हीला दुकानदार ‘दोन इंची’च म्हणतो. स्किमरच्या खालचं तोंड यांपैकी एकाला बसतं, दुसऱ्याला नाही. मग पाईपचं टोक जाळावर तापवून सॉकेट पाडतात आणि भरपूर सोल्युशन लावून दाबून बसवतात. डिलिव्हरीच्या बाजूला असा जोड गळला तर पाणी टपकतं आणि दिसतं. सक्शनच्या बाजूला काहीच टपकत नाही, जोड बाहेरून कोरडाठाक असतो आणि आतून हवा पितो. खूण एकच : तलावात परत येणाऱ्या धारेत बारीक बुडबुडे सतत दिसतात. मोटार चालू असताना एकेका जोडावर दाढीचा फेस लावा. जिथे फेसाला खळगा पडतो, तिथे हवा जाते. हे सगळं टाळायचं तर स्किमर दुकानात न्या, पाईप त्यात घालून बघा, मगच पैसे द्या.

आमच्या काळ्या मातीचाही विचार करा. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यात दाबलेला पाईप तिच्याबरोबर सरकतो. चर जास्त रुंद खणून पाईपभोवती मुरूम भरावा. स्किमरचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिमेंटची भिंत यांचा सांधाही असाच सुटतो. पातळी स्किमरच्या ओठाशी येऊन थांबत असेल तर गळती बहुधा तिथेच. गळतीच आहे की नुसतं बाष्पीभवन, हे कळायला एक बादली पाण्याने भरून तलावाच्या पायरीवर पाण्यात ठेवा. बादलीत आणि तलावात खुणा करा. दोन दिवसांनी दोन्ही सारख्याच उतरल्या तर ऊन, तलाव जास्त उतरला तर सांधा. त्या दोन दिवसांत भर मात्र घालायची नाही.

भर घालायला बॉलकॉक लावावा का? नांदेडला विष्णुपुरी धरणाच्या कृपेने नळाचा थोडा भरवसा आहे. लातुरात नळ काही दिवसांआड येतो, त्यामुळे बॉलकॉक थेट नळाला जोडण्यात अर्थ नाही, तो साठवणीच्या टाकीला जोडावा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना जाळतं. टाकीत सोडियम थायोसल्फेट टाकून मगच पाणी सोडा. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण प्राणवायूही नसतो. ते उंचावरून पडू द्या. आणखी एक : बॉलकॉक गळती झाकतो. पातळी कायम दिसते आणि टाकी मात्र भराभर रिकामी होते.

ज्या लातूर शहराला १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं, त्या शहरात शोभेचे मासे पाळावेत का, असं मला लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलं होतं आणि पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. माझं उत्तर असं की तलाव बांधतानाच निम्म्या भागावर सावलीची जाळी ताणा, छताचं पावसाचं पाणी साठवायला टाकी बांधा आणि तेवढ्यात भागेल एवढाच तलाव ठेवा. भागत नसेल तर बांधू नका. जाळीने बाष्पीभवन बरंच कमी होतं, स्किमरची पातळीही जास्त दिवस टिकते.

उरलेलं रोजच्या वापराचं. खाद्य टाकण्याआधी स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करा, दहा मिनिटांनी उघडा. नाहीतर महागाचं खाद्य माशांआधी स्किमरमधली कचऱ्याची टोपली खाते. बोटाएवढी पिल्लं असतील तर तोंडावर जाळी हवी. जोराचा पाऊस झाला की पाणी स्किमरच्या झडपेवर चढतं आणि तवंग ओढणंच थांबतं, म्हणून सांडव्याचा पाईप झडपेच्या उंचीचा हिशेब करून आधीच बसवून घ्या. लाईट गेली की झडप मिटते का तेही बघा. ती अडकलेली असेल तर टोपलीतला सगळा कचरा पुन्हा तलावात तरंगत येतो. आणि दारात कडुलिंब असेल तर फुलोऱ्याच्या दिवसांत टोपलीला बायकांचा जुना नायलॉनचा पायमोजा चढवा. लिंबाची फुलं टोपलीच्या भोकांतून आरामात जातात आणि मोटारीच्या पंख्यात अडकतात. मोजा रोज संध्याकाळी धुवायचा, सकाळपर्यंत ठेवला तर तो भरून पाणीच अडवतो.