मयताच्या घरी शिकलेलं

कोल्हापुरात आमच्या भागात बचत गटाचं काम करता करता मी मयताच्या कामात ओढली गेले. गटाच्या वहीत कर्जाचं कारण लिहायचा रकाना असतो. एखाद्या घरापुढे ‘आजारपण’ लिहिलेलं असायचं आणि काही महिन्यांतच त्याच घरापुढे ‘उत्तरकार्य’ लिहावं लागायचं. हमाल, सेंट्रिंगवाले, रिक्षावाले, धुणंभांडी करणाऱ्या बायका यांची ही घरं. मिळवता माणूस गेला की दुःखाच्या पाठोपाठ घेणेकरी येतात, आणि हा खर्च दर वर्षी वाढतच चाललाय. तालमीची पोरं आणि आम्ही बायका मिळून जमेल ते करतो. त्यातून कळलेल्या या गोष्टी.

१. चितेला पैसे लागत नाहीत, हे पहिल्या तासातच सांगा.

कोल्हापूर महापालिका पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत करते. होळी लहान करून शेणी स्मशानभूमीला द्यायची पद्धत शहरात रुळली आहे. मंडळं ट्रॉल्या भरून शेणी नेऊन देतात. मुंबई महापालिकाही लाकडं मोफत देते. पण बांधकामावर परगावाहून आलेल्या माणसाला हे कुठून माहीत असणार? तो मुकादमाकडे उचल मागायला धावतो. म्हणून घरात पाऊल टाकल्यावर कर्त्या माणसाला बाजूला घेऊन आधी एवढंच सांगायचं: स्मशानातला खर्च नाही, त्यासाठी कुणापुढे हात पसरू नका.

खेड्यात एवढी सोय नसते. एका चितेला तीनेकशे किलो लाकूड लागतं आणि पावसाळ्यात कोरडं लाकूड मिळता मिळत नाही. पूर्वी घरटी एक लाकूड यायचं, आता वखारीत जावं लागतं. ग्रामपंचायतीनं मे महिन्यातच पत्र्याखाली शेणी आणि लाकूड रचून ठेवलं, तर गरिबाच्या घरचं एक मोठं ओझं उतरेल.

२. गाडीचा आणि दवाखान्याचा व्यवहार घरच्यांना करू देऊ नका.

१०८ची गाडी रुग्णासाठी आहे, ती मृतदेह नेत नाही. मग रात्री दोन वाजता दवाखान्याच्या फाटकाशी उभा असलेला खासगी गाडीवाला म्हणेल तो आकडा. ज्याचा बाप आत गेलाय, त्या पोराला घासाघीस करवत नाही आणि त्यानं ती करूही नये. आमच्याकडे हे काम नात्याबाहेरच्या माणसाचं. तो आधी सरकारी दवाखान्यात किंवा महापालिकेत शववाहिका मिळते का बघतो. नाहीच मिळाली तर किलोमीटर, थांबायचे पैसे आणि परतीचं भाडं, सगळं आधी बोलून घेतो.

बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, त्यात हे स्पष्ट आहे. तरी अडवतात. तिथे आरडाओरडा न करता, नियमाचं नाव घेऊन, ‘अडवल्याचं लेखी द्या’ एवढंच शांतपणे म्हणायचं. आणि धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात, हे माणूस जिवंत असतानाच विचारायचं. मयत झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

३. रोख द्या, आणि ती बाईच्या हातात द्या.

एका हमालाच्या घरी गेलो होतो. नवऱ्याचे पैसे खात्यात होते, पण खातं चालायचं त्याच्या फोनवरून आणि फोन उघडायचा त्याच्या अंगठ्यानं. बायको तो फोन पदरात धरून बसली होती. तो सारखा वाजत होता, तिला उचलता येत होता, पण उघडता येत नव्हता. दुधवाला, पोरांची बिस्किटं, पाहुण्यांचा चहा आणि साखर, सगळं उधारीवर चाललं होतं. अशा वेळी गॅस सिलिंडर आणि आठवड्याचं दूध निघेल एवढ्या नोटा दिल्या की घर सावरतं.

या नोटा ओसरीवर भावकीत द्यायच्या नाहीत. तिथं ज्याच्या हातात जातील त्याचा कारभार सुरू होतो. आत चुलीपाशी जाऊन तिच्या किंवा तिच्या सासूच्या हातात द्यायच्या आणि हिशेब मागायचा नाही.

४. सामान थोडंच लागतं.

दोन बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, पांढरं कापड, हळदकुंकू, गुलाल, फुलं. तालमीत हे बांधून ठेवलेलं असतं. बाकीचा फ्लेक्स, फुलांनी मढवलेली गाडी, पेपरातली जाहिरात हे हौसेनं कुणी सुचवलं, तर सुचवणाऱ्यानंच खर्च उचलावा.

५. खरं कर्ज होतं ते उत्तरकार्याला.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, मग बाराव्या-तेराव्याला जेवणावळ. मधले सगळे दिवस घरात पाहुणे. मांडव, आचारी, भांडी, टॉवेल-टोपीचा आहेर, लेकीबाळींना साड्या, गुरुजींची दक्षिणा, प्रवचन. तेल, डाळी, आचाऱ्याची मजुरी, एकाचाही दर खाली आलेला मी पाहिला नाही. पाहुणे मात्र वाढले, कारण फोनवर बातमी एका तासात तीन जिल्ह्यांत पोचते. रोजंदारीवरच्या घराला एवढी रोकड कुठून मिळणार? आठवड्याच्या हप्त्यानं पैसे देणाऱ्या कंपन्या आहेत, दागिने ठेवून घेणारे आहेत. नवरा गेलेली बाई बारा दिवस कामावर जात नाही, म्हणजे मिळकत बंद आणि कर्ज सुरू.

तिला ‘एवढं करू नकोस’ असं म्हणणं सोपं आहे. पण म्हणणारे आपण कोण? एका सासूनं मला भर माणसांत विचारलं होतं, ‘माझ्या पोराला आयुष्यात कधी गोडधोड पोटभर मिळालं नाही, आता त्याच्या नावानं चार माणसंही जेवायची नाहीत?’ तिचं म्हणणं रास्त होतं. गरिबाला आपल्या माणसाचा मान राखायचा असतो, आणि तो मान कुणी कमी करून सांगितला की घर दुप्पट खर्च करून दाखवतं.

यावर एकच गोष्ट चालली. गल्लीतल्या ऐपतीच्या घरांनी आधी आपल्याकडचं कार्य लहान केलं. एका दूध संस्थेच्या माजी संचालकांच्या वडिलांचं सगळं कार्य तिसऱ्याच दिवशी उरकलं, आहेर घेतला नाही आणि दिला नाही, रक्षा शेतात खड्ड्यात घालून वर आंब्याचं रोप लावलं. त्यानंतर पाठीमागच्या झोपडीत तसंच झालं, तेव्हा कुणाची बोलायची छाती झाली नाही. कोल्हापूरला हे नवं असायला नको होतं. शाहू महाराजांच्या काळात, १९११ साली, कर्मकांड टाळून साधे विधी करा असं सांगणारा सत्यशोधक समाज इथं उभा राहिला. गाडगेबाबा तर आयुष्यभर कर्ज काढून जेवणं घालू नका म्हणून कीर्तनं करत हिंडले.

आता आमच्या गल्लीत मयताच्या घरी चूल पेटवू देत नाहीत. रोज दोन घरांतून भाकरी आणि आमटी जाते, पाहुण्यांनाही तीच. आणि त्या सासूच्या मुलाच्या नावानं शाळेतल्या पोरांना शिरा वाटला. तो तिनं स्वतःच्या हातानं वाटला.

६. एकवीस दिवस विसरू नका.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर दंड नाही आणि दाखल्याची पहिली प्रत मोफत मिळते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्या. नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहून द्या. ‘बाळू’ आणि ‘बाळासाहेब’ यांच्यात बायकोचे सहा महिने जातात.

७. हक्काचे पैसे पासबुकात आणि जुन्या पिशवीत सापडतात.

दहावं-बारावं आटोपलं की मी घरातली कागदांची पिशवी मागते. पासबुकात मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये कापलेले दिसले, तर तो जीवनज्योती विमा आहे, दोन लाखांचा. २० रुपये दिसले तर तो अपघाताचा. बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड निघालं, तर नैसर्गिक मृत्यूलाही वारसाला मदत आहे. कारखान्यात ईएसआय कापला जात असेल, तर अंत्यविधीसाठी १५,००० रुपये मिळतात. पीएफ असेल तर त्यालाही विमा जोडलेला असतो. बायकोला यातलं काही ठाऊक नसतं, कारण नवऱ्यानं बँकेत सांगतील तिथं सही केलेली असते.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता १८ ते ५९ वयात गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. ही रक्कम २०१२ साली ठरली, ती आजही तेवढीच आहे. तेव्हापासून किराण्याचं काय झालं, हे दिल्लीत बसलेल्यांना दिसत नसेल असं मी मानत नाही. ही रक्कम वाढवा म्हणून आपण आमदार-खासदारांकडे का जात नाही? रस्त्यासाठी जातो, गटारीसाठी जातो.

८. मदतीचा फोटो काढू नका.

पाकीट देताना, धान्याचं पोतं ठेवताना, कधीच नाही. ती पोरं उद्या शाळेत जाणार असतात.

९. तिसऱ्या महिन्यात पुन्हा जा.

तोवर पाहुणे गेलेले असतात आणि घरभाडं थकलेलं असतं. दर आठवड्याला वसुलीचा माणूस दारात येतो आणि बाई मान खाली घालून हप्ता देत राहते. तेव्हा कर्जाचं कार्ड नीट वाचा. अशा कर्जांना पुष्कळदा विमा जोडलेला असतो, आणि बायकोच्या नावच्या कर्जाला कित्येकदा नवऱ्याचाही. म्हणजे नवरा गेल्यावर ते कर्ज त्या विम्यातून फिटायला हवं होतं, आणि ती मात्र भांडी घासून ते फेडत असते. मृत्यूचा दाखला, कार्ड, दोघांची आधार कार्डं आणि पासबुक घेऊन तिच्याबरोबर शाखेत स्वतः जा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. ती एकटी गेली तर तिला पुढच्या आठवड्यात यायला सांगतात.