कळ थांबली, कारण गेले का?

पोटाच्या वरच्या भागात, जठराच्या मागे स्वादुपिंड असते. अन्न पचविणारा रस ते तयार करते. कधी हा रस स्वादुपिंडालाच आतून जाळू लागतो. मग त्याला एकाएकी सूज येते. जगात दर लाख माणसांमागे वर्षाला सुमारे ३० ते ४० जणांना हे दुखणे होते. मुख्य कारणे दोन : पित्ताशयातील खडे आणि दारू.

वरच्या पोटात जोराची कळ येते. ती पाठीत जाते. उलट्या होतात. अशा वेळी ओवा चावीत घरी बसू नका. लगेच इस्पितळ गाठा. तेथे रक्त तपासतात, सलाईन लावतात, कळ थांबवतात. पाचांतले चार रोगी साधारण आठवड्यात बरे होतात. पाचव्याचे दुखणे बळावते. प्रसंगी जिवावर बेतते.

आमच्या शेजारचा सुतार असाच बरा होऊन आला. म्हणाला, "मास्तर, ठणठणीत झालो!" त्याने पुन्हा बाटली धरली. वर्षाच्या आत पुन्हा खाट धरली.

पाचांत सुमारे एकाला हे दुखणे फिरून होते. म्हणून कारण काढावे. खड्यांमुळे झाले असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा पित्ताशय काढून घ्यावे; "सुगीनंतर बघू" म्हणू नये. दारूमुळे असेल, तर एक घोटही नको.

सुताराने दुसऱ्या खेपेनंतर दारू सोडली. आज त्याचा रंधा चालू आहे.

सांगा पाहू : पहिल्या खेपेला सुताराचे काय चुकले?