भालकीच्या काउंटरवरून

भालकीत माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. बिदर-कलबुर्गीकडच्या गावांतली पोरंपोरी येतात, त्यांचे आईवडील येतात, उदगीर-देवणीला दिलेल्या लेकीही माहेरी आल्या की कागदांची पिशवी घेऊन डोकावतात. सरकारनं रोजगारासाठी काय जाहीर केलं ते आधी माझ्या स्क्रीनवर दिसतं आणि त्यातलं घरात काय पोचलं ते पुढं या माणसांकडून कळतं. आमच्या भागासाठी योजना निघत नाहीत असं आता म्हणता येणार नाही. पण योजना आणि पोरगं यांच्या मध्ये कागद, कन्नड आणि वाया जाणारी वर्षं उभी आहेत. त्यावर बोलायचं आहे.

1. 371 (जे) चा दाखला भरती निघायच्या आधी काढा.

आमच्याकडचा सगळ्यात मोठा सरकारी प्रयत्न म्हणजे राज्यघटनेतलं 371 (जे) कलम. वैजनाथ पाटलांसारख्या नेत्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं रान उठवलं, धरमसिंग आणि मल्लिकार्जुन खर्गे यांनी दिल्लीत पाठपुरावा केला आणि 98व्या घटनादुरुस्तीनं हे कलम आलं. नोव्हेंबर 2013 च्या आदेशानं या भागातल्या, म्हणजे कल्याण कर्नाटकातल्या, पदांत स्थानिकांना गट ‘अ’ आणि ‘ब’मध्ये 75 टक्के, ‘क’मध्ये 80 टक्के आणि ‘ड’मध्ये 85 टक्के जागा मिळाल्या. राज्यभराच्या कार्यालयांतही 8 टक्के आहेत. शेजारच्या मराठवाड्याशी ताडून पाहिलं की याची किंमत कळते. तिथं 371 (2) खाली 1994 साली विकास मंडळ आलं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, आणि नोकरीतल्या राखीव जागा त्यातून कधी मिळाल्या नाहीत. एकाच निजामी राज्यातून निघालेले हे शेजारी. 1956 साली बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला तेव्हा उदगीर-निलंगा तिकडे गेले आणि भालकी-औराद इकडे राहिले.

दाखला असिस्टंट कमिशनरच्या सहीचा लागतो. जन्म या भागातला हवा, नाहीतर 1 जानेवारी 2013 च्या आधी दहा वर्षांचा रहिवास हवा. पोरं अडतात ती पुराव्यावर. बाप ऊसतोडीला किंवा पुण्याच्या बांधकामावर, मग शाळा दोन इथं, तीन तिथं. पुण्यात काढलेल्या आधारवर ‘ज्ञानेश्वर’चं स्पेलिंग ‘डी’नं सुरू होतं, इकडच्या मार्क्स कार्डावर ‘जे’नं. एवढ्यासाठी ॲफिडेव्हिट करावं लागतं, आणि जाहिरातीची मुदत तीन-चार आठवड्यांची असते. दहावी झाली की निकालाबरोबरच हे काम उरकून घ्या, असं मी प्रत्येक पालकाला सांगतो.

2. मराठी शाळेत शिकवा, पण कन्नड पक्कं करून घ्या.

हा विषय दुखरा आहे आणि मी तो टाळत नाही. आपल्या भाषेतली शाळा हा मुलाचा हक्कच आहे. औराद, भालकी, बसवकल्याणच्या मराठी शाळा टिकल्याच पाहिजेत. पण 2024 मध्ये ग्राम प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या 1,000 जागा निघाल्या तेव्हा मुख्य परीक्षेआधी 29 सप्टेंबरला सक्तीचा कन्नड पेपर झाला. 150 पैकी 50 गुण मिळाले नाहीत तर पुढचं तपासायचंच नाही. गणितात, सामान्य ज्ञानात हुशार असलेली आमची पोरं इथं गळतात. घरी मराठी, बाजारात दखनी, बसमध्ये कन्नड असं त्यांचं चाललेलं असतं. बोलायला अडचण नाही, पण निबंध लिहायची वेळ आली की हात थांबतो. आठवीपासून रोज अर्धा तास कन्नड लेखन केलं तर हा पेपर अजिबात अवघड नाही.

दुसरं दारही उघडं ठेवा. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांत बिदर-कलबुर्गीतली गावंही आहेत. तिथल्या मराठी भाषक उमेदवाराला 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जोडून महाराष्ट्राच्या सरकारी नोकरीसाठी अर्ज करता येतो. एमपीएससीच्या जाहिरातींत हे छापलेलं असतं, तरी सीमेवरच्या कितीतरी घरांना ते माहीत नाही. आपलं गाव यादीत आहे का ते बघा. एकच मुलगा दोन्हीकडे अर्ज करू शकतो, त्यात काही गैर नाही.

3. परीक्षा रद्द होते, वय थांबत नाही.

पोलीस सब-इन्स्पेक्टरच्या 545 जागांची परीक्षा 3 ऑक्टोबर 2021 ला झाली. कलबुर्गीतल्या एका केंद्रावरचा गैरप्रकार उघडकीला आला आणि एप्रिल 2022 मध्ये सगळी निवड रद्द झाली. फेरपरीक्षा झाली 23 जानेवारी 2024 ला. सव्वादोन वर्षांहून जास्त काळ! मध्येच ऑक्टोबर 2023 मध्ये दुसऱ्या एका भरतीच्या परीक्षेत कलबुर्गी आणि यादगीरच्या केंद्रांवर ब्लूटूथ लावलेले उमेदवार पकडले गेले.

या काळात कलबुर्गी, विजयपूर, धारवाडला खोली घेऊन अभ्यास करणाऱ्या पोरांचं काय झालं, ते मी जवळून पाहिलं. बापानं अर्धा एकर गहाण टाकून पैसे पाठवलेले. पोरगी असेल तर सोयरीक दारात येऊन थांबलेली, ‘एवढी परीक्षा होऊ दे’ म्हणून दोनदा पुढं ढकललेली. प्रामाणिक उमेदवार आणि गैरप्रकार करणारा, दोघांची परीक्षा एकाच आदेशानं रद्द झाली. शिक्षा मात्र प्रामाणिकाला जास्त झाली, कारण त्याच्याकडे वर्षं आणि मेहनत याखेरीज घालवायला दुसरं काहीच नव्हतं. सरकारनं फेरपरीक्षेची तारीख रद्द करण्याच्या आदेशातच जाहीर करावी. रोजगार देण्याचा तोही प्रयत्नच आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

उमेदवारांना माझं सांगणं: तयारीला तीन वर्षं द्या, आणि त्यातही हाताला एक काम ठेवा. हिशेब लिहा, शिकवण्या घ्या, मोटार रिवाइंडिंग शिका. नुसती खोली आणि पुस्तक हे फार एकटं जगणं आहे.

4. युवा निधी घ्या, त्यात कमीपणा नाही.

जानेवारी 2024 पासून कर्नाटकात बेरोजगार पदवीधराला महिना 3,000 आणि डिप्लोमाधारकाला 1,500 रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं मिळू लागले. त्यात परीक्षेची फी आणि बसभाडं निघतं. निकालानंतर 180 दिवस बेरोजगार असावं लागतं. पुढचं शिक्षण चालू असेल तर मिळत नाही. ‘अजून बेरोजगार आहे’ ही स्वयंघोषणा चुकली की पैसे थांबतात, म्हणून मी ती तारीख भिंतीवरच लिहून ठेवतो.

5. खातरीच्या कामाचा अर्ज तोंडी करू नका.

2 फेब्रुवारी 2006 ला रोजगार हमीचा केंद्रीय कायदा देशातल्या ज्या 200 जिल्ह्यांत पहिल्यांदा लागू झाला, त्यांत बिदर आणि गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) होते. त्याचं मूळ वि. स. पागे यांनी महाराष्ट्रात उभ्या केलेल्या योजनेत आहे, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता द्यावा, असं त्या कायद्यात होतं. पण पंधरा दिवस मोजायचे कुठून? तारखेची पावती असेल तरच. पंचायतीत जाऊन ‘काम द्या’ म्हणणाऱ्या मावशीकडे पावती नसे, मग तिनं काम मागितलंच नव्हतं असं ठरे. 2024-25 मध्ये या कामाचा दिवसाचा दर कर्नाटकात 349 रुपये होता, महाराष्ट्रात 297. शिवेला शीव लागलेल्या दोन गावांत 52 रुपयांचा फरक! कायदा कुठलाही असो, मागणी लेखी करा आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

6. घोषणेवर लग्न, कर्ज, जमीन काही ठरवू नका.

कलबुर्गीचा रेल्वे विभाग दहा वर्षांहून अधिक काळ कागदावर राहिला. 17 मार्च 2023 ला केंद्रानं सात पीएम मित्र कापड पार्क जाहीर केले, त्यांत कलबुर्गीचा 1,000 एकरांचा आहे. प्रत्येक पार्कातून एक लाख थेट आणि दोन लाख अप्रत्यक्ष रोजगार असा अंदाज दिला गेला. कापडाची महबूबशाही मिल ज्या शहरानं चालताना आणि बंद पडताना पाहिली, त्या शहराला कापडाचा कारखाना हवाच आहे, आणि हा पार्क उभा राहावा असं मला मनापासून वाटतं. पण तिथं भरती होईल ती शिलाई मशीनवर हात बसलेल्यांची, मशीन दुरुस्त करणाऱ्यांची. ते आज शिकलेली मुलगी पार्क येईपर्यंत घरी ब्लाउज शिवून कमावेल.

7. इथं पिकतं त्यात काम शोधा.

कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. डाळ मिलला माणूस लागतो, वर्षभर लागतो. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान आहे, कर्नाटक त्यात 15 टक्क्यांची भर घालतं. एका बचत गटाच्या बायकांची फाइल मी भरून दिली होती. अनुदान मंजूर होण्यासारखं, कोटेशन तयार, आणि एका बँकेनं ती महिनोन् महिने नुसती ठेवून घेतली. शेवटी बायकाच तालुक्याच्या बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कर्ज सुटलं. कल्याण कर्नाटक विकास मंडळाला वर्षाला 5,000 कोटींची घोषणा होते. त्यातून रस्ते, इमारती होतात, त्या हव्यात. पण त्यातलाच थोडा पैसा प्रत्येक तालुक्यात असल्या अडलेल्या फाइलींमागे फिरणारा एक माणूस नेमायला आणि मराठी हायस्कुलांत कन्नडचा जादा शिक्षक द्यायला वापरा, अशी मागणी आम्ही काहीजण आमदारांकडे लेखी देणार आहोत. ज्यांना सही करायची आहे त्यांनी दुकानावर यावं. तिथं मराठी आणि कन्नड, दोन्ही प्रती ठेवल्या आहेत.