नवी आलिशान मोटार : विमा आणि बॉडी-दुरुस्तीचा हिशेब

मोटार खरेदी करताना तिची किंमत, कर्जाचा हप्ता आणि इंधनाचा खर्च यांची चौकशी प्रत्येकजण करतो. परंतु अपघात झाल्यास गाडीची बॉडी दुरुस्त करण्यास किती रक्कम लागेल आणि त्यातील किती भार विमा कंपनी उचलील, ही चौकशी बहुधा अपघातानंतरच होते. साध्या गाडीच्या बाबतीत ही दिरंगाई काही हजार रुपयांत निभावते. आलिशान गाडीच्या बाबतीत ती चांगलीच महाग पडू शकते.

अशा गाड्या आता केवळ मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरच दिसतात असे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या एकाच वेळी खरेदी केल्या. हा व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. किंमत आणि कर्ज यांविषयी त्यांनी एकजुटीने बोलणी केली, याची देशभर चर्चा झाली. खरेदीच्या वेळी दाखविलेली ही व्यवहारदक्षता विमापत्र घेतानाही तितकीच आवश्यक आहे. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या मालकास तर ती अधिकच आवश्यक आहे.

या दृष्टीने आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथचे उदाहरण घेता येईल. लक्ष्मीनारायण स्वामींच्या प्राचीन मंदिरामुळे परिचित असलेले हे गाव आदिलाबाद शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. परिसर कापसाचा, हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर आणि टेंपो यांची गर्दी असते. आलिशान गाड्यांची अधिकृत दुरुस्तीगृहे मात्र बहुधा नागपूर वा हैदराबाद यांसारख्या मोठ्या शहरांतच असतात. आदिलाबादहून नागपूर सुमारे दोनशे आणि हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. हे अंतर विम्याच्या हिशेबात कसे शिरते, ते पुढे पाहू.

विम्याचे दोन भाग

मोटार विम्याचे दोन स्वतंत्र भाग असतात. पहिला त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या खाजगी मोटारीसाठी तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. गाडीच्या किमतीशी या भागाचा संबंध नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,५०० घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा हप्ता, कर वगळून, २४,५९६ रुपये ठरविण्यात आला. मग ती गाडी वीस लाखांची असो वा दोन कोटींची.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या हानीचा. हा ऐच्छिक आहे आणि त्याचा हप्ता गाडीच्या घोषित मूल्यावर अवलंबून असतो. १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर कंपन्यांवर सोपविण्यात आले. म्हणून निरनिराळ्या कंपन्यांकडून दर मागविणे हिताचे ठरते. गाडी विकणाऱ्या दुकानदारानेच पुढे केलेले विमापत्र घेतले पाहिजे, असे ग्राहकावर बंधन नाही.

बॉडीचे काम महाग का?

पूर्वीच्या गाडीचा पत्रा चेपला, तर कुशल कारागीर तो ठोकून सरळ करी आणि रंग मारून देई. आलिशान गाड्यांत आता पोलादाबरोबर ॲल्युमिनियमचाही वापर होतो. ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादासारखा ठोकून पूर्ववत होत नाही. त्यासाठी निराळी हत्यारे, रिव्हेट आणि विशेष चिकटद्रव्ये लागतात. बऱ्याचदा संपूर्ण भागच बदलावा लागतो. पुढील बंपरामागे अंतर मोजणारे संवेदक असतात, तर समोरच्या काचेमागे कॅमेरा असतो. बंपर वा काच बदलल्यावर ही उपकरणे पुन्हा अचूक जुळवून घ्यावी लागतात. रंगाचे थर अनेक असतात आणि छटा जुळावी म्हणून शेजारच्या पत्र्यावरही रंग चढवावा लागतो. यास्तव वरवर किरकोळ दिसणाऱ्या धडकेचे बिल मोठे होते.

घशाऱ्याचा नियम

गाडी नवी असली तरी विमा कंपनी प्रत्येक सुट्या भागाची पूर्ण किंमत देतेच असे नाही. प्रमाणित विमापत्रानुसार रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. फायबर ग्लासच्या भागांवर तो ३० टक्के असतो. काचेवर घसारा नाही. पत्र्याच्या व अन्य भागांवर पहिल्या सहा महिन्यांत काही कपात नाही. त्यानंतर वर्षापर्यंत ५, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी १५, चौथ्या वर्षी २५ आणि पाचव्या वर्षी ३५ टक्के कपात होते. रंगकामाच्या एकत्रित बिलातील २५ टक्के रक्कम रंगद्रव्याची मानून तिच्यावर ५० टक्के घसारा धरतात. याखेरीज १,५०० घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या गाडीच्या प्रत्येक दाव्यातून २,००० रुपये सक्तीने वजा होतात.

समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. जैनथच्या एका मालकाची चार महिन्यांची आलिशान गाडी कापसाच्या ट्रॅक्टरवर मागून आदळली. प्लास्टिकच्या बंपरास ८०,००० रुपये, पत्र्याच्या मडगार्डास ६०,०००, समोरच्या काचेस ९०,०००, रंगकामास ६०,००० आणि मजुरीस ४०,००० असे एकूण ३,३०,००० रुपयांचे बिल झाले. यातून बंपराचे ४०,०००, रंगद्रव्याचे ७,५०० आणि सक्तीच्या वजावटीचे २,००० असे ४९,५०० रुपये मालकाकडे राहतील. कंपनी २,८०,५०० रुपये देईल. हीच गाडी अडीच वर्षांची असती, तर मडगार्डावरील १५ टक्के घशाऱ्याचे आणखी ९,००० रुपये मालकावर पडले असते.

आता अंतराचा हिशेब. गाडी सुरक्षित ठेवून जवळच्या दुरुस्तीगृहापर्यंत ओढून नेण्यासाठी प्रमाणित विमापत्र खाजगी मोटारीस एका अपघातामागे १,५०० रुपयांपर्यंतच खर्च देते. जैनथहून नागपूरपर्यंत विशेष वाहनावरून गाडी नेण्यास १५,००० रुपये लागले असे धरले, तर त्यातील १३,५०० रुपये मालकाने द्यावयाचे. म्हणजे उपरोक्त अपघाताचा त्याच्यावरील एकूण भार ६३,००० रुपये झाला. शहरातील मालकाला जी तरतूद पुरेशी वाटते, ती सीमाभागातील मालकाला अपुरी पडते.

पुरवणी संरक्षण

या उणिवा भरून काढण्यासाठी जादा हप्ता भरून पुरवणी संरक्षण घेता येते. ‘झिरो डेप्रिसिएशन’ घेतल्यास घशाऱ्याची कपात टळते. तथापि सक्तीची वजावट राहतेच आणि वर्षात किती दाव्यांना ही सवलत मिळेल, याला मर्यादा असू शकते. ‘रोडसाइड असिस्टन्स’ घेताना गाडी किती किलोमीटरपर्यंत ओढून नेली जाईल, हे विचारून घ्यावे. मर्यादा पन्नास किलोमीटरची असेल, तर जैनथच्या मालकास तिचा फारसा उपयोग नाही. ओढे-नाल्यांच्या परिसरात इंजिन-संरक्षणाचाही विचार करावा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिन निकामी झाले, तर ती हानी साध्या विमापत्रात बहुधा मान्य होत नाही. अशा वेळी गाडी सुरू न करता कंपनीस कळविणे हाच सुज्ञपणा होय.

मोठ्या अपघातात दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडी पूर्णतः निकामी समजली जाते आणि घोषित मूल्याच्या आधारे भरपाई मिळते. नोंदणीकर व विम्याचा हप्ता या मूल्यात धरलेला नसतो. यास्तव हप्ता कमी व्हावा म्हणून घोषित मूल्य कमी लिहून घेणे आत्मघातकीपणाचे ठरते.

दावा करावा की न करावा?

वर्षभर दावा न केल्यास स्वतःच्या हानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग दावारहित वर्षांबरोबर ती २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत वाढते. एक दावा केला की ती सामान्यतः शून्यावर येते. समजा हप्ता ६०,००० रुपये आहे आणि २० टक्के सूट मिळणार आहे. तर ८,००० रुपयांच्या ओरखड्यासाठी दावा करणे म्हणजे १२,००० रुपयांच्या सुटीवर पाणी सोडणे होय.

दावा करावयाचा असल्यास कंपनीस त्वरित कळवावे, गाडीची छायाचित्रे घ्यावीत आणि कंपनीने पाहणी करण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. चालकाचा परवाना वैध नसेल, त्याने मद्यपान केले असेल किंवा खाजगी गाडी भाड्याने चालविली असेल, तर दावा नाकारला जाऊ शकतो. गाडी नागपूर वा यवतमाळ येथे घेतली, तरी ती जैनथला राहणार असेल तर नोंदणी तेलंगणातच करावी आणि विमापत्रावर तोच क्रमांक व खरा पत्ता असावा.

दाव्याचा निर्णय अन्यायकारक वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. तेलंगणातील ग्राहकांसाठी हे कार्यालय हैदराबाद येथे आहे.

सारांश, गाडीची चावी हाती घेण्यापूर्वी मालकाने तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत : घसारा किती कापला जाईल, गाडी किती अंतरापर्यंत ओढून नेली जाईल आणि रोखीविना दुरुस्ती करून देणारे जवळचे दुरुस्तीगृह कोठे आहे? ही उत्तरे समाधानकारक नसतील, तर सही करण्यापूर्वीच विमापत्र बदलून घ्यावे. अपघातानंतर त्यातील एक अक्षरही बदलत नाही.