मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी : त्यांची विकरे व पिकांची फेरपालट

टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांसारख्या पिकांत पुष्कळदा असे आढळते की, शेताच्या एखाद्या भागातील झाडे खुजी राहतात, पाने पिवळट पडतात आणि जमिनीत ओल असूनही भर दुपारी झाडे माना टाकतात. शेतकरी प्रथम पाण्याच्या पाळ्या वाढवितो, नंतर वरखत देतो. परंतु पिकाला तेज येत नाही आणि खर्च मात्र वाया जातो. अशा वेळी एक-दोन झाडे न उपटता कुदळीने मातीसह खणून काढावीत व मुळे पाण्यात हलकेच धुवावीत. मुळांवर मण्यांसारख्या किंवा वेड्यावाकड्या गाठी दिसल्यास तो सूत्रकृमींचा उपद्रव समजावा.

कडधान्यांच्या मुळांवरील उपयुक्त गाठींशी यांची गल्लत करू नये. नत्र साठविणाऱ्या गाठी मुळांच्या कडेला चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात व आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमींची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते. ती वेगळी निघत नाही.

सूत्रकृमींचा जीवनक्रम

इंग्लंडमध्ये बर्कले या शास्त्रज्ञाने १८५५ साली काकडीच्या मुळांवरील अशा गाठींचे वर्णन केले. भारतात बार्बर यांनी १९०१ साली दक्षिणेकडील चहाच्या झाडांवर त्यांची नोंद केली. अंड्यातून बाहेर पडलेले पिलू अर्ध्या मिलिमीटरहूनही आखूड असल्याने ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते ओलसर मातीतून वळवळत कोवळ्या मुळाच्या टोकाशी येते व आत शिरते. आत मादी फुगून एका जागी स्थिर होते व शेकडो अंडी घालते. उबदार जमिनीत एक पिढी सुमारे महिन्याभरात पुरी होते. नेहमी आढळणाऱ्या जातींत मादीला नराची गरज नसल्याने थोड्याशा कृमींपासूनही सर्व वाफा व्यापला जातो.

विकरे कोणते काम करतात

मटण लवकर शिजावे म्हणून त्यात कच्च्या पपईची फोड घालतात. पपईतील ज्या द्रव्यामुळे मांस मऊ होते, त्याला विकर किंवा एन्झाइम म्हणतात. सूत्रकृमींच्या अन्ननलिकेजवळील ग्रंथींत अशीच विकरे तयार होतात. तोंडातील पोकळ सुई मुळात खुपसून कृमी ती आत सोडतो. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते व या भिंती पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने सांधलेल्या असतात. सेल्युलेज हे विकर भिंत पोखरते, तर पेक्टेट लायेज सांधे सैल करते. अशा रीतीने कृमी दोन पेशींमधून वाट काढतो.

प्राण्यांच्या अंगी स्वतःचे सेल्युलेज बनविण्याची शक्ती असते, हे १९९८ साली सूत्रकृमींच्याच अभ्यासातून प्रथम सिद्ध झाले. अशी विकरे बनविणारी जनुके फार पूर्वी जिवाणूंकडून सूत्रकृमींत आली असावीत, असे शास्त्रज्ञ मानतात.

मूळही स्वस्थ बसत नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्ये सोडून प्रतिकार करते. कृमी कॅटलेजसारख्या विकरांनी त्या द्रव्यांचे निवारण करतो. नंतर तो काही पेशींना आपल्या स्रावाने वळवून प्रचंड मोठ्या करतो. या महापेशी हेच त्याचे कायमचे कोठार. झाडाने बनविलेले अन्न तिकडे ओढले जाते आणि वरचा भाग उपाशी राहतो.

पीक बदलूनही कीड का हटत नाही

पेशींची भिंत सर्व पिकांत थोड्याफार फरकाने सारख्याच द्रव्यांची असते. त्यामुळे एकाच कृमीची विकरे टोमॅटोला लागू पडतात, तशीच वांग्याला, भेंडीला व दुधी भोपळ्यालाही. टोमॅटोनंतर वांगी व वांग्यानंतर काकडी घेणे ही नावापुरतीच फेरपालट होय.

परंतु मुळात शिरणे वेगळे आणि तेथे पोट भरणे वेगळे. झेंडूच्या मुळातही पिले शिरतात, पण बहुतेक वाढत नाहीत. टोमॅटोच्या काही वाणांत रानटी टोमॅटोपासून आणलेले 'एमआय' नावाचे प्रतिकारक जनुक असते. अशा मुळात कृमीच्या तोंडाभोवतीच्या पेशी तात्काळ मरतात व महापेशी बनत नाहीत. तथापि जमिनीचे तापमान सुमारे २८ अंशांपलीकडे गेल्यास हा प्रतिकार ढिला पडतो. शिवाय तेच वाण वर्षानुवर्षे घेतल्यास त्यावर मात करणारे कृमी वाढतात. म्हणून प्रतिकारक वाणावरही एकट्यावर भिस्त ठेवू नये.

करावयाचे उपाय

१. संशयित शेताची माती कुंडीत भरून टोमॅटोचे रोप लावावे व पाच-सहा आठवड्यांनी मुळे तपासावीत. गाठी आढळल्यास त्या जागी भाजीपाला घेऊ नये.

२. फेरपालटीसाठी झेंडू घ्यावा. ज्वारी, बाजरी यांवर बहुधा कृमींची वाढ मंद असते. पण जातीपरत्वे फरक पडत असल्याने त्याही पिकाची मुळे तपासून खात्री करावी. तण ठेवू नये. पुष्कळ तणे कृमींना पोसतात.

३. उन्हाळ्यात दोन-तीन वेळा खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी.

४. रोपवाटिकेचे वाफे भिजवून एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लॅस्टिकने झाकावेत.

५. लागवडीपूर्वी एकरी सुमारे ८ क्विंटल निंबोळी पेंड मातीत मिसळावी. रासायनिक औषध वापरणे भागच पडल्यास कृषी विद्यापीठाची चालू शिफारस पाहावी.

६. डाळिंबाची रोपे घेताना काही पिशव्या फोडून मुळे पाहावीत. बाग अनेक वर्षे उभी राहते व तिथे फेरपालट करता येत नाही. शिवाय कृमींनी केलेल्या जखमांतून मर रोगाच्या बुरशीला वाट मिळते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतभेटीच्या वेळी पाने पाहून सल्ला न देता प्रथम मुळे पाहावीत. खताची दुसरी गोणी फोडण्यापूर्वी एक झाड खणून पाहण्याची सवय गावात रुजली, तरी पुष्कळ शेतकऱ्यांचा पैसा वाचेल.