ज्ञान कोणाचे, कष्ट कोणाचे? कॉपीराइट, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि अमानत



आज आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये कोणीतरी पाठवलेली एखाद्या कुरआन-भाष्याची संपूर्ण पीडीएफ असते. पाठवणाऱ्याचा हेतू सवाबचाच असतो. त्याच मोबाइलवर घरातील मुलगी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून शाळेचा निबंध लिहून घेते आणि कधी कधी वडीलही एखाद्या विषयावरील हदीस तिच्याकडेच मागतात. या गोष्टी आपण किरकोळ मानतो. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : दुसऱ्याच्या बौद्धिक कष्टाचे फळ आपल्या हाती कोणत्या मार्गाने आले?

सूरह निसाची २९वी आयत श्रद्धावंतांना एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाण्यास मनाई करते. सूरह हूदच्या ८५व्या आयतीत हजरत शुऐब (अ.) आपल्या लोकांना माप व वजन पुरे भरण्याची आणि कोणाची वस्तू कमी करून न देण्याची ताकीद देतात. हा आदेश धान्य, कापड, जमीन यांना लागू आहे, याविषयी कोणालाच शंका नाही. पण पुस्तकातील मजकूर ही ‘संपत्ती’ आहे काय?

पूर्वीच्या फिक्हकारांपुढे हा प्रश्न आजच्या रूपात उभाच राहिला नव्हता. बगदादच्या बाजारात ‘वर्राक’ म्हणजे हस्तलिखितांच्या नकला करून विकणारे असत. ‘अल-फिहरिस्त’ या प्रसिद्ध ग्रंथसूचीचा कर्ता इब्न अन-नदीम हा स्वतःच या व्यवसायातला होता. नकलाकाराला त्याच्या श्रमाचे मोल मिळे. मूळ ग्रंथकाराला प्रत्येक प्रतीमागे काही देण्याची पद्धत नव्हती. मात्र याचा अर्थ ग्रंथ कोणीही कसाही उचलावा असा नव्हता. ग्रंथ गुरूसमोर वाचून दाखवावा लागे, आणि तो पुढे शिकवण्याची परवानगी, म्हणजे ‘इजाजत’, मिळवावी लागे. ही परवानगी पैशासाठी नव्हती. शब्द बिघडू नये आणि तो ज्याचा आहे त्याच्या नावानेच पुढे जावा यासाठी होती. दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावावर खपवणाऱ्याची तर विद्वानांनी मुळीच गय केली नाही. इमाम सुयूती (मृत्यू १५०५) यांनी अशा एका प्रकरणावर स्वतंत्र लेखच लिहिला आणि त्याचे नावच ठेवले ‘ग्रंथकार आणि चोर यांच्यात फरक करणारा’. पाचशे वर्षांपूर्वीचे हे शीर्षक आजच्या एखाद्या न्यायालयीन खटल्यालाही शोभावे!

छापखाना आला आणि परिस्थिती पालटली. एका रात्रीत हजार प्रती काढणारा मनुष्य ग्रंथकाराची उपजीविकाच हिरावून घेऊ शकतो, हे दिसू लागले. उपखंडातील उलेमांमध्ये यावर गंभीर मतभेद झाले. हनफी फिक्हनुसार ‘माल’ म्हणजे मुख्यतः प्रत्यक्ष हाती घेता येणारी वस्तू. म्हणून ज्याने पुस्तक विकत घेतले तो त्याचे हवे ते करू शकतो, केवळ ‘हक्क’ विकता येत नाही, असे काही ज्येष्ठ विद्वानांचे म्हणणे होते. मुफ्ती मुहम्मद शफी यांचा कल याच बाजूस होता. त्यांचेच सुपुत्र मुफ्ती तकी उस्मानी यांनी मात्र उलट निष्कर्ष काढला : लोकव्यवहारात ज्या हक्काला मूल्य प्राप्त झाले आहे, त्याला शरीअतही मूल्य देते. पित्याचा पूर्ण आदर राखून पुत्राने वेगळे मत मांडावे, ही आपल्या विद्वत्तेची परंपरा आहे. पुढे इस्लामी सहकार्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात ठराव केला की लेखन, शोध व निर्मितीचे हक्क शरीअतच्या दृष्टीने संरक्षित आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करणे वैध नाही.

प्रस्तुत लेखकाला हा ठरावच योग्य वाटतो. तरीही जुन्या विद्वानांच्या आक्षेपात एक इशारा होता, तो विसरून चालणार नाही. विचारलेले ज्ञान दडवून ठेवणाऱ्याबद्दल आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अत्यंत कडक शब्द वापरले आहेत. ज्ञान कुलपात घालण्याचे साधन म्हणून हक्क वापरला, तर तो हक्क न राहता जुलूम होईल.

येथे कायद्यातील एक भेद उपयोगी पडतो. कॉपीराइट विचारावर नसतो. विचार ज्या शब्दांत मांडला त्या मांडणीवर असतो. नमाजचे नियम कोणाच्याही मालकीचे नाहीत, पण ते समजावणारे एखाद्याचे पुस्तक त्याचे आहे. कुरआन अल्लाहची वाणी आहे, तिच्यावर कोणाचा हक्क कसा असेल? परंतु तिचा मराठी अनुवाद ही अनुवादकाची वर्षानुवर्षांची मेहनत असते. आपल्या देशाचा १९५७चा कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत ही मेहनत जपतो. त्याचे कलम ५७ तर हक्क विकल्यानंतरही लेखकाचा आपल्या नावावरचा अधिकार आणि मजकुराची मोडतोड रोखण्याचा अधिकार मान्य करते. जुन्या ‘इजाजत’चा आत्मा याच कलमात सर्वांत अधिक दिसतो, असे म्हणता येईल.

हाच कायदा ज्ञानाची वाटही मोकळी ठेवतो. खासगी अभ्यास, संशोधन, टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी कलम ५२ रास्त वापराची मुभा देते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध बड्या प्रकाशकांनी दावा केला, तेव्हा अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढणे हे शिक्षणाच्या सवलतीत बसू शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मानले. गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा मोठा दिलासा होता. मात्र स्वतःच्या अभ्यासासाठी काही पाने घेणे वेगळे आणि अख्खे पुस्तक शेकडो लोकांना पाठवणे वेगळे. दुसऱ्या कृतीने त्या छोट्या प्रकाशकाची पुढची आवृत्ती निघतच नाही. अनेक धार्मिक पुस्तकांवर ‘बदल न करता छापण्यास परवानगी’ असे लिहिलेले असते. तेथे बिनधास्त वाटा, कारण ते लेखकाचे सदका-ए-जारिया आहे. जेथे तसे लिहिलेले नाही, तेथे दुसऱ्याच्या वतीने सदका करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळू. ही यंत्रणा कोट्यवधी पानांवर प्रशिक्षित केली जाते. ती पाने आली कोठून, यावर जगभर खटले चालू आहेत. आपल्या देशात एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआय या कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. पण आपल्या विषयासाठी सर्वांत बोधप्रद खटला अमेरिकेतील आहे. काही लेखकांनी ‘क्लॉड’ ही यंत्रणा बनवणाऱ्या अँथ्रोपिक कंपनीला सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात खेचले. २३ जून २०२५ रोजी न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी निर्णय देताना प्रश्नाचे दोन भाग केले. पुस्तकांतून यंत्राला भाषा शिकवणे हा त्यांनी रास्त वापर मानला. लिहायला शिकणारा मनुष्यही इतरांची पुस्तके वाचूनच शिकतो. कंपनीने विकत घेतलेली पुस्तके उसवून, स्कॅन करून साठवली, तेही त्यांनी मान्य केले. परंतु चोरट्या संकेतस्थळांवरून ७० लाखांहून अधिक प्रती उतरवून कायमचे ग्रंथालय थाटणे, याला त्यांनी रास्त वापराचे संरक्षण नाकारले. पुढे कंपनीने १५० कोटी डॉलरची तडजोड केली. सुमारे पाच लाख पुस्तकांसाठी प्रत्येकी अंदाजे ३,००० डॉलर, आणि चोरट्या फायली नष्ट करण्याची अट.

फिक्हच्या विद्यार्थ्याला हा निर्णय वाचताना एक जुना मसला आठवावा. बळकावलेल्या जमिनीवर पढलेली नमाज होते काय? हनफी आणि शाफई, म्हणजे देशावरचे व कोकणातले आपण बहुतेक सगळे, ज्या मतावर आहोत ते असे की नमाज होते, पण बळकावण्याचा गुन्हा त्या माणसाच्या माथी राहतोच. हंबली परंपरेत तर ती नमाजच होत नाही, असेही एक मत आहे. कृती चांगली असली तरी तिच्याखालची जमीन कोणाची, हे विचारण्याची सवय आपल्या विद्वानांनी शेकडो वर्षांपूर्वी लावली होती. अमेरिकी न्यायाधीशाने शरीअत वाचून निकाल दिला, असे येथे सुचवायचे नाही. पण शिकणे वैध आणि चोरी अवैध, हा त्याने केलेला भेद आपल्याला परका वाटू नये. हा त्या देशातील एका न्यायालयाचा निर्णय आहे. यंत्राच्या लेखनामुळे मानवी लेखकाची बाजारपेठच बुडाली तर काय, हा प्रश्न तेथेही अजून मिटलेला नाही.

कंपन्यांचे प्रश्न न्यायालये सोडवतील. आपल्या घरातील प्रश्न मात्र आपल्यालाच सोडवायचे आहेत. मुलीने यंत्राकडून एखादा कठीण धडा समजून घेतला, स्वतःच्या निबंधातील चुका तपासून घेतल्या, तर त्यात दोष नाही. परंतु यंत्राने लिहिलेला निबंध स्वतःचा म्हणून देऊन तिने बक्षीस घेतले, तर? न केलेल्या कामाबद्दल स्तुती व्हावी अशी इच्छा धरणाऱ्यांना सूरह आले इमरानची १८८वी आयत यातनेचा इशारा देते. आपल्यापाशी जे नाही त्याचे प्रदर्शन करणाऱ्याला प्रेषित (स.) यांनी असत्याची दोन वस्त्रे पांघरलेल्या माणसाची उपमा दिली आहे. आई-वडिलांनी गुण पाहण्याआधी एकदा विचारावे, ‘बेटा, यात तुझे किती?’

हदीसचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. ही यंत्रणा पुढचा संभाव्य शब्द जुळवत वाक्य रचते. त्यामुळे ती कधी कधी अस्तित्वात नसलेली हदीस, ग्रंथाच्या नावासह आणि क्रमांकासह, पूर्ण आत्मविश्वासाने सांगते. आपल्या पूर्वजांनी एका वाक्यासाठी महिनोन्‌महिने प्रवास केला, सांगणाऱ्यांची साखळी तपासली, आणि सनदेला धर्माचाच भाग मानले. प्रेषितांच्या (स.) नावे हेतुपुरस्सर खोटे रचणाऱ्याला नरकाचा इशारा आहे. यंत्राला हेतू नसतो. पण न तपासता पुढे पाठवणारे बोट माणसाचे असते. तेव्हा खुतबा असो वा स्टेटस, यंत्राने दिलेला संदर्भ मूळ ग्रंथात किंवा जाणकार आलिमांकडे पडताळल्याशिवाय वापरू नका.

याच कायद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण हक्काचे हत्यार उलटेही चालते. आपल्या देशाच्या नियमांनुसार कॉपीराइटची लेखी तक्रार आली की संकेतस्थळाला तो मजकूर ३६ तासांत हटवावा लागतो. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दाखवता येतो. परंतु एखाद्या भाषणावरील टीका, एखाद्या पुस्तकाचे परखड परीक्षण, एखाद्या अन्यायाची चित्रफीत यांसाठी तीन आठवड्यांचे मौन पुष्कळदा कायमच्या मौनासारखेच असते. मोठ्या संकेतस्थळांवर तर यंत्रेच साम्य शोधून दावे लावतात, आणि टीकेसाठी घेतलेला उतारा व चोरलेला उतारा यांतला फरक यंत्राला उमगत नाही. म्हणून कोणाचे बोलणे आवडले नाही एवढ्यावरून कॉपीराइटची तक्रार ठोकणे हा खोटा दावा आहे. वाक्चातुर्याच्या बळावर माझ्याकडून भावाचा हक्क मिळवणाऱ्याने अग्नीचा तुकडा उचलला, असे प्रेषित (स.) यांनी बजावले होते, आणि तेथे न्याय करणारे स्वतः प्रेषित (स.) होते, हे लक्षात घ्या. उत्तर द्यायचे असेल तर लेखणीने द्या, मजकूर पुसून नव्हे.

शेवटी एक बाब, जिच्याविषयी आपल्याकडे क्वचितच कोणी विचारते. घरातील एखादे बुजुर्ग आलिम, शायर किंवा अनुवादक अल्लाहला प्यारे होतात. घर, शेत, दागिने यांची वाटणी सूरह निसाच्या आदेशांप्रमाणे होते. त्यांच्या पुस्तकांचा हक्क मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही. मोठा मुलगा किंवा ओळखीचा प्रकाशक त्या छापत राहतो. अकादमीच्या ठरावानुसार तो हक्क मूल्यवान असेल, तर मानधनात विधवेचा आणि मुलींचा ठरलेला वाटा आहे. सारे प्रौढ वारस एकमताने ते पुस्तक सर्वांसाठी खुले करू शकतात, आणि तसे झाले तर पहिल्या पानावर ते स्पष्ट छापावे. वारसांत कोणी नाबालिग असेल, तर त्याच्या वाट्याचा सदका त्याचा चुलताही करू शकत नाही. तो सज्ञान होईपर्यंत त्याचा हिशेब वेगळा लिहून ठेवावा लागेल.